बारा जणांचे घर

इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात, वेलंड नदीच्या काठी, स्टॅमफर्ड नावाचे एक दगडी गाव आहे. निराधार म्हाताऱ्या माणसांसाठी दानाच्या पैशातून बांधलेल्या घरांना या गावात 'कॅलिस' म्हणतात. बाकीच्या इंग्लंडमध्ये अशा घराला 'आम्सहाउस' म्हणण्याची रीत आहे. कॅलिस हा स्टॅमफर्डचा स्वतःचा शब्द. ऑल सेंट्स कॅलिस, सेंट पीटर्स कॅलिस, विल्यमसन्स कॅलिस ही नावे मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मला ते एखाद्या संताचे किंवा दात्याचे आडनाव असावे असे वाटले होते. निघाले ते फ्रान्समधल्या एका बंदराचे नाव. १३४७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने कॅले जिंकून घेतले आणि १३६३ पासून इंग्लंडची परदेशी जाणारी लोकर मुख्यतः त्याच बंदरातून विकली जावी असा बंदोबस्त झाला. हा मक्ता ज्यांच्याकडे होता त्या व्यापारी मंडळात स्टॅमफर्डची काही घराणी होती. कॅलेच्या पैशावर उठलेली घरे म्हणून ती कॅलिस, असा या शब्दाचा खुलासा केला जातो. १५५८ मध्ये फ्रेंचांनी कॅले परत घेतले. स्टॅमफर्डच्या बोलीत मात्र ते बंदर अजूनही इंग्रजांच्याच ताब्यात आहे.

मराठीत या घरांना काय म्हणावे, यावर मी बरेच दिवस अडले होते. धर्मशाळा हा पहिला सुचणारा शब्द, पण धर्मशाळेत उतरणारा माणूस पुढे जाणारा असतो. पंढरपूरच्या धर्मशाळेतला वारकरी एकादशी झाली की गावी परततो. आम्सहाउसमध्ये शिरलेला माणूस मात्र पुढे कुठेच जाणार नसतो. त्याचे उरलेले आयुष्य तिथेच जायचे असते. वृद्धाश्रम हा शब्द फार अलीकडचा, आणि त्यात शिरताना मुलांनी टाकल्याची एक कळ आपोआप येते. पुण्यातल्या नव्या पेठेत 'निवारा' आहे, त्याचे मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह असे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाला असल्या संस्थेसाठी जे शब्द जुळवावे लागले, ते तसे रोखठोक आहेत: ज्याला कुणी नाही तो अनाथ, ज्याच्या हातापायांत काम करण्याची शक्ती नाही तो पंगू, आणि त्यांच्यासाठी गृह. स्टॅमफर्डची घरे बांधणाऱ्यांच्या मनातला माणूस नेमका हाच होता. तरीही मी या लेखात कॅलिसच म्हणणार आहे, कारण दान कुठून आले ते तो शब्द लपवत नाही.

मी पीटरबरोत राहते. तिथून स्टॅमफर्ड आगगाडीने पाव तासाच्या अंतरावर. एकेकाळी गोष्ट उलटी होती: लंडनहून उत्तरेकडे जाणारा मोठा घोडागाड्यांचा रस्ता स्टॅमफर्डमधून जात असे आणि पीटरबरोला फारसे कुणी विचारत नसे. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडचा मुख्य लोहमार्ग पीटरबरोवरून गेला, तिथे कारखाने आले, वस्ती फुगली, आणि स्टॅमफर्ड जसे होते तसेच मागे राहिले. या मागे राहण्याचा लाभ आज माझ्यासारख्या फिरस्त्यांना होतो. जवळच्या खाणींचा पिवळसर चुनखडीचा दगड, कॉलीवेस्टन या शेजारच्या खेड्यातल्या दगडाच्या पातळ फरशांनी शाकारलेली छपरे, आणि चालत दहा मिनिटांच्या परिघात इतकी दानाची घरे की एकाच्या दारातून निघावे तो दुसऱ्याची पाटी दिसावी. भरभराटीत असलेल्या गावाने ही बसकी घरे कधीच पाडून टाकली असती.

या घरांतले सर्वांत मोठे आणि जुने नाव असलेले घर ब्रॉड स्ट्रीटवर आहे: ब्राउन्स हॉस्पिटल. हॉस्पिटल म्हणजे इस्पितळ नव्हे. मध्ययुगात त्या शब्दाचा अर्थ आश्रय देणारी जागा एवढाच होता. ते १४७५ मध्ये विल्यम ब्राउन या लोकरीच्या व्यापाऱ्याने स्थापन केले. सोळाव्या शतकात देशभर फिरून टिपणे करणाऱ्या जॉन लेलंडने या ब्राउनच्या संपत्तीचे वर्णन करताना, ती आश्चर्य वाटावे इतकी होती असे लिहून ठेवले आहे. अशा माणसाला भीती कशाची असावी? मृत्यूनंतरच्या हिशेबाची. त्या काळच्या ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे बहुतेक माणसांचा आत्मा थेट स्वर्गातही जात नसे आणि नरकातही. मधल्या शुद्धिस्थानात पापांचे प्रायश्चित्त भोगत तो पडून राही, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी ती मुदत कमी होई. त्यातही गरिबाची प्रार्थना देवाच्या कानी लवकर पोचते असा समज होता. ब्राउनला मुलगा नव्हता, एकच मुलगी होती. मुलगा नसलेल्या धनिकाला आपल्या श्राद्धाची काळजी लागावी, तशी ही काळजी मला वाटते. फरक एवढाच, की त्याने दत्तक न घेता दहा गरीब पुरुष आणि दोन गरीब स्त्रिया यांची कायमची सोय केली. एक मेला की त्याच्या जागी दुसरा यावा, बाराची संख्या कधी मोडू नये, आणि जग असेपर्यंत रोज कुणीतरी विल्यम आणि मार्गारेट ब्राउन यांच्या आत्म्यासाठी हात जोडावेत.

यासाठी नुसते घर बांधून भागत नव्हते. घराला जमिनी तोडून द्याव्या लागत, त्या जमिनींच्या उत्पन्नातून बारा जणांचे अन्न-वस्त्र आणि दोन पाद्रींचा पगार निघे, आणि हे सारे कायम टिकावे म्हणून राजाची परवानगी लागे. ब्राउनला ती १४८५ मध्ये तिसऱ्या रिचर्डकडून मिळाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो राजा बॉसवर्थच्या रणांगणात मारला गेला. पुढे १४८९ मध्ये ब्राउनही गेला, त्याच वर्षी मार्गारेटही. तेव्हा काम हाती घेतले ते मार्गारेटच्या भावाने, टॉमस स्टोक या धर्मगुरूने. त्याने सातव्या हेन्रीकडून १४९३ मध्ये नवी सनद मिळवली आणि संस्थेची घडी बसवली. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहते आणि दान निभावून नेणाऱ्याचे कागदांत, हा न्याय तिथेही आहे. मला या सगळ्या गोष्टीत मेव्हण्याचे काम मोठे वाटते.

इमारतीची रचना पाहिली की हा व्यवहार डोळ्यांपुढे उभा राहतो. तळमजल्यावर एक लांब दालन, त्यात दोन्ही बाजूंना लाकडी आडोसे घालून केलेल्या झोपण्याच्या खोल्या, आणि दालनाच्या पूर्वेच्या टोकाला प्रार्थनामंदिर. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही पडल्या पडल्या पूजा ऐकू यावी अशी ही योजना. माजघरातून देवघर दिसावे तशी. दालनाच्या वरच्या मजल्यावर हिशेबाची बैठक. म्हणजे खाली प्रार्थना आणि डोक्यावर जमाखर्च. मंदिराच्या खिडक्यांत पंधराव्या शतकातल्या रंगीत काचा अजून शिल्लक आहेत. या देशात त्या काळच्या काचा इतक्या फुटल्या आहेत की त्या पाहताना माणूस आपोआप दबक्या आवाजात बोलू लागतो. मी मात्र त्या काचांपेक्षा आडोशांकडेच अधिक वेळ पाहत होते. एक खाट, एक पेटी, आणि कुशीवर वळले की शेजाऱ्याचा खोकला.

अशा घरात राहणाऱ्याला 'बीड्समन' म्हणत. 'बीड' या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रार्थना. प्रार्थना मोजण्यासाठी माळ ओढायची, म्हणून पुढे मण्यालाच बीड म्हणू लागले. आज आपण दागिन्यांच्या दुकानात बीड्स मागतो तेव्हा मुळात प्रार्थनाच मागत असतो, ही गंमत मला फार आवडते. आपल्याकडे मणी जपाला गेला. त्यांच्याकडे जपच मण्यात उतरला. बीड्समनचे काम म्हणजे रोज ठरलेल्या वेळी ठरलेला जप. ते काम होते, उपासनेची हौस नव्हे. भाकरी, कपडा, खाट आणि शेकोटी यांच्या मोबदल्यात करायची ती नोकरीच होती, आणि म्हणूनच कदाचित तिथे राहणाऱ्याला आपण फुकट खातो असे वाटत नसावे.

आणि त्या दोन स्त्रिया? त्यांचे काम वेगळे होते. प्रार्थना त्यांनाही चुकली नव्हती, पण त्या दोघींना ठेवले ते मुख्यतः त्या दहा पुरुषांची शुश्रूषा आणि धुणीपाणी करण्यासाठी. निराधारांच्या घरातही आधार द्यायचे काम त्यांच्याच वाट्याला आले. हे ऐकले तेव्हा मला माझी आत्याआजी आठवली.

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. लहान वयात विधवा होऊन ती भावाच्या घरी, वाईला, परत आली आणि पुढची साठेक वर्षे माजघराला लागून असलेल्या एका खोलीत राहिली. तिला कुणी कधी 'काही कर' असे म्हणाले नाही. पण मी तिचे हात रिकामे कधी पाहिले नाहीत. ती वाती वळायची. देवघरासाठी फुलवाती, समईसाठी लांब वाती, शेजारणींच्या लक्षवातींच्या व्रतासाठी हजारांच्या हिशेबात वाती. मांडीवर कापूस, बोटाला किंचित दूध, आणि समोर रचलेल्या गड्ड्या. दुसऱ्याचे अन्न रिकाम्या हाताने खाऊ नये, असे तिने एकदाच, तेही कसल्याशा वेगळ्याच संदर्भात म्हटले होते. लहानपणी मला ती गोष्ट शिकवणुकीसारखी वाटली. स्टॅमफर्डच्या त्या दालनात उभी असताना मला ती प्रथमच भाड्यासारखी वाटली. खोलीचे भाडे ती कापसात फेडत होती, आणि ते फिटले की नाही हे ठरवणारा कुणी नव्हता म्हणून ती आयुष्यभर फेडतच राहिली. त्या मानाने ब्राउनच्या बीड्समनला आपला हिशेब नेमका ठाऊक होता: इतक्या वेळा जप, की आजचा दिवस फिटला.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर हा करारच रद्द झाला. इंग्लंडने रोमशी फारकत घेतली, मठ मोडले, आणि १५४७ च्या कायद्याने मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याकरता ठेवलेल्या देणग्या सरकारजमा केल्या. शुद्धिस्थान नावाची जागाच नाही असे नव्या धर्ममताने ठरवल्यावर तिथली मुदत कमी करणाऱ्यांची गरज काय? देशभरातली अनेक हॉस्पिटले या लाटेत गेली. ब्राउनचे वाचले. प्रार्थनेचा हेतू गेला तरी गरिबांना आसरा देण्याचा हेतू नव्या राजवटीलाही मान्य होता, आणि त्या एका धाग्यावर घर तरले. मला या संस्थेच्या सगळ्या इतिहासात हा क्षण सर्वांत विलक्षण वाटतो. ज्या कामासाठी ब्राउनने आपली मिळकत ओतली ते काम कायद्याने बंद पडले, आणि ज्या गोष्टीला त्याने साधन मानले होते, ती बारा अंथरुणे, तेवढी मागे राहिली. यजमान गेला, संकल्प गेला, दक्षिणा मात्र चालू राहिली.

दान आणि त्याचा पैसा यांच्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मध्य इंग्लंडमध्ये त्या शतकांत अनेक जमीनमालकांनी शेते मोडून मेंढ्यांची कुरणे केली, कारण लोकरीला भाव होता आणि मेंढ्या राखायला एक मेंढपाळ पुरत असे. नांगरणारी, पेरणारी, कापणी करणारी कुटुंबे उठली. साथींनी आधीच विरळ झालेली कित्येक खेडी पार ओस पडली. त्यांच्या खुणा आजही गवताखालच्या उंचवट्यांतून दिसतात. एखादा व्यापारी त्यासाठी जबाबदार होता असे मी म्हणत नाही. पण लोकरीच्या पैशातून निराधारांचे घर उभे राहत होते आणि त्याच लोकरीपायी नवे निराधार तयार होत होते, हे दोन्ही एकाच काळात, एकाच मुलखात चालले होते. कॅलिस हा शब्द मला प्रामाणिक वाटतो तो यामुळेच.

वेलंडच्या पुलाजवळ नदीला लागून दुसरे एक घर आहे, लॉर्ड बर्लीचे हॉस्पिटल. त्याचा संस्थापक विल्यम सेसिल, पहिल्या एलिझाबेथचा सर्वांत विश्वासू मंत्री. गावाबाहेरचा बर्ली हाउस हा प्रचंड वाडा त्याचाच, आणि सेंट मार्टिन चर्चमध्ये त्याची समाधीही आहे. पुलाजवळ पूर्वी प्रवाशांना आणि गरिबांना आसरा देणारे एक मध्ययुगीन हॉस्पिटल होते. त्या जागेवर सेसिलने १५९७ मध्ये तेरा वृद्ध पुरुषांसाठी हे घर काढले. एक प्रमुख आणि बारा जण, म्हणजे येशू आणि त्याचे शिष्य. जुन्या धर्मातली ती संख्या नव्या धर्माच्या कट्टर मंत्र्यालाही सोडवली नाही. बदल झाला तो दात्याच्या अपेक्षेत. सेसिलला आपल्या आत्म्यासाठी जप नको होता. त्याला सुव्यवस्था हवी होती. त्या दशकात पिके बुडाली होती, धान्य महागले होते, रस्त्यांवर भटक्यांची संख्या वाढली होती आणि राज्यकर्त्यांना बंडाची धास्ती होती. ज्या वर्षी हे घर निघाले त्याच वर्षी भरलेल्या संसदेने गरिबांसंबंधीचे कायदे एकत्र गुंफायला घेतले, ज्यांचे रूप १६०१ मध्ये पक्के झाले. त्यात अपंग आणि वृद्धांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर टाकली, आणि धडधाकट भटक्याला रक्त येईतो फटके मारून त्याच्या जन्मगावी हाकलून देण्याची तरतूदही केली. गरीब या एका शब्दाचे त्या काळात दोन शब्द झाले: मदतीला पात्र आणि मदतीला अपात्र. आम्सहाउस पहिल्यासाठी होते. चाबूक दुसऱ्यासाठी.

सेसिलचा मुलगा टॉमस याने १६०० मध्ये शेजारच्या रटलंड परगण्यात, लिडिंग्टन गावी, जे केले ते पाहायलाही मी मुद्दाम गेले. तिथे पूर्वी लिंकनच्या बिशपचा प्रासाद होता. टॉमसने त्यातल्या मोठ्या दालनांत भिंती घालून बारा पुरुष, दोन स्त्रिया आणि एक व्यवस्थापक यांच्यासाठी खोल्या केल्या. त्या इमारतीला आजही बीड हाउस म्हणतात, म्हणजे पुन्हा प्रार्थनेचे घर, ज्या काळात तशी प्रार्थना उरलीच नव्हती. खालच्या मजल्यावरच्या त्या खोल्या थंड, दगडी आणि एका चुलीपुरत्या. वर मात्र बिशपच्या वेळचे कोरीव लाकडी छत तसेच. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत माणसे तिथे राहत होती.

स्टॅमफर्डमध्ये पुढच्या दोनशे वर्षांत लहान लहान दात्यांची रांग लागली, आणि तिच्यातून मी भराभर चालते. स्कॉटगेट या रस्त्यावर १६०४ मध्ये रिचर्ड स्नोडेनने गरीब विधवांसाठी घर काढले. त्याच रस्त्यावर १७०० मध्ये टॉमस ट्रूजडेलचे आले. सेंट पीटर्स स्ट्रीटवर गावाची जुनी वेस होती, तिथे अठराव्या शतकात हॉपकिन्स हॉस्पिटल झाले. गावाची तटबंदी आता कुणाला अडवत नव्हती, तिच्या जागेत म्हाताऱ्या माणसांना आडोसा मिळाला. १८३० नंतर ट्रूजडेलची इमारत नव्याने उभारताना आणि फ्रायर्स हॉस्पिटल बांधताना जॉर्ज बासेवी हा वास्तुविशारद नेमला होता. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचा भव्य दर्शनी भाग त्याचाच. इतका मोठा माणूस आणि काम म्हाताऱ्यांच्या बैठ्या चाळीचे, पण धुराडी, टोकदार त्रिकोणी दर्शने आणि खिडक्यांच्या चौकटी त्याने जीव लावून केल्या आहेत. १८४५ मध्ये एली कॅथीड्रलच्या मनोऱ्याची पाहणी करताना पडून तो गेला.

बासेवी ही घरे बांधत होता त्याच सुमारास, १८३४ मध्ये, गरिबांचा नवा कायदा आला आणि त्याने देशभर वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणारी घरे, उभी केली. तिथे नवरा-बायकोला वेगळ्या कोठड्यांत ठेवत, अंगावर गणवेश चढवत, आणि आतले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा मुद्दाम अधिक नकोसे करत, म्हणजे कुणी सहजासहजी येऊ नये. एकाच गावातल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला स्वतःचे दार, स्वतःची शेकोटी आणि दारापुढचा फुलांचा वाफा मिळे. दुसऱ्याला रांगेतली खाट. त्यांच्या गरिबीत काही फरक नसे. फरक असे तो विश्वस्तांच्या मतात. चर्चला नियमित येतो का, पितो का, गावात किती वर्षे आहे, कुणाच्या ओळखीचा आहे, यावर ते ठरे. स्कॉटगेटवरची ती नेटकी दारे पाहताना पर्यटक 'किती गोड' म्हणतात. मीही म्हटले होते. मग ती दारे मिळवण्यासाठी किती जणींना वर्षानुवर्षे शहाण्यासारखे वागून दाखवावे लागले असेल ते मनात आले, आणि माईच्या (आत्याआजीला तिचे भाऊ माई म्हणत) गप्प राहण्याचा अर्थ थोडा अधिक कळला.

एक गुंता या सगळ्या जुन्या दानांत आपोआप तयार होतो, तो मला हिशेबनीस म्हणून विशेष रोचक वाटतो. दात्याने जमीन दिली आणि माणसांची संख्या ठरवून दिली. तीनशे-चारशे वर्षांत जमिनीचे उत्पन्न कितीतरी पट होते, पण दस्तऐवजातले बारा हे बाराच राहतात. मग वरचा पैसा कुणाचा? अनेक ठिकाणी त्याचे उत्तर 'प्रमुखाचा' असे निघाले. विंचेस्टरच्या सेंट क्रॉस हॉस्पिटलचा प्रमुख अर्ल ऑफ गिलफर्ड हा १८०८ पासून जवळजवळ अर्धशतक त्या जागेचे गलेलठ्ठ उत्पन्न घेत राहिला. त्याला तिथे नेमणारा बिशप त्याचा बापच होता. अखेर प्रकरण न्यायालयात गेले आणि १८५३ मध्ये निकाल विरुद्ध लागला. त्याच वर्षी धर्मादाय संस्थांवर देखरेख करणारे कायमचे आयुक्तालय कायद्याने स्थापन झाले. स्टॅमफर्डमध्ये उत्तर वेगळे आणि अधिक चांगले निघाले. ब्राउनच्या वाढलेल्या मिळकतीचा काही भाग शिक्षणाकडे वळवला गेला आणि त्यातून १८७७ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. १८७० च्या सुमारास जेम्स फाउलर या वास्तुविशारदाने जुन्या इमारतीची डागडुजी करून मागच्या चौकाभोवती रहिवाशांसाठी स्वतंत्र घरे बांधली. आडोशांचे दालन रिकामे झाले, खोकल्याला भिंत मिळाली. आणि ज्या ब्राउनने दहा पुरुषांच्या सेवेला दोन स्त्रिया नेमल्या, त्याच्या लोकरीच्या पैशावर पुढे मुली बीजगणित शिकल्या.

चौकात आजही वृद्ध माणसे राहतात. देशभरात अशा सुमारे १,६०० संस्था आणि त्यांत सुमारे ३६,००० रहिवासी आहेत. मी गेले त्या शनिवारी एका दारापुढे एक बाई कुंडीतल्या वाळलेल्या जिरेनियमची फुले खुडत होत्या. भाडे किती पडते असे मी आपल्या सवयीने विचारले. "भाडे नाही म्हणायचे," त्यांनी मला दुरुस्त केले, "वर्गणी." हा शब्दांचा खेळ नाही. आम्सहाउसमध्ये राहणारा कायद्याने भाडेकरू नसतो. तो दानाचा लाभार्थी असतो, देखभालीसाठी आठवड्याची वर्गणी भरतो आणि भाडेकरूचे हक्क त्याला नसतात. घर मिळते ते कृपेने. पाचशे वर्षांपूर्वीची ती गोष्ट कायद्याच्या भाषेत अजून जशीच्या तशी आहे. मला ते खुपले, आणि तसे मी बोललेही. बाई हसल्या. आधी त्या भाड्याच्या घरात राहत होत्या, घरमालकाने दोन महिन्यांची मुदत देऊन घर विकायला काढले, तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते. "हक्क होते की मला," एवढेच म्हणून त्यांनी खुडलेली फुले परसातल्या बादलीत टाकली.

गाडीला वेळ होता म्हणून जवळच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये गेले. ते ब्राउन घराण्याच्याच पैशाने पंधराव्या शतकात नव्याने उभे राहिले. तिथे विल्यम आणि मार्गारेट यांच्या पितळी प्रतिमा आहेत, दोघे शेजारी शेजारी, हात जोडलेले. सरदारांच्या अशा प्रतिमांच्या पायाशी सिंह किंवा कुत्रा असतो. विल्यमच्या पायांखाली लोकरीची पोती आहेत. कारागिराने त्यांच्या तोंडाशी कापडाचे कान वळवून बांधल्याचेही दाखवले आहे, आपल्याकडे हमाल कापसाच्या गाठीला बांधतात तसे. हात जोडून तो पाचशे वर्षे त्या पोत्यांवर उभा आहे, आणि ज्यांनी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची होती ते ती करायचे थांबून पावणेपाचशे वर्षे होत आली. चर्चमध्ये दुसरे कुणी नव्हते. मेणबत्त्यांच्या घडवंचीजवळ पैशांची पेटी होती. मी एक मेणबत्ती घेतली आणि लावण्याआधी तिची वात, सवयीने, दोन बोटांत धरून सरळ केली.